धुळीचे दप्तर

कारखान्यात अपघात झाला म्हणजे भोंगा वाजतो, माणसे धावतात, पोलीस येऊन पंचनामा करतात, दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात मृतांचा आकडा छापून येतो, आणि यंत्राला कठडा का नव्हता हा प्रश्न, त्याचे उत्तर मिळो वा न मिळो, निदान चारचौघांत विचारला तरी जातो. व्यवसायजन्य रोगाच्या वाट्याला यांतले काहीच येत नाही. तो ज्या खात्यात जडतो त्या खात्यात प्रकट होत नाही. कामगार नोकरी सोडून गावी गेल्यावर, पंधरा-वीस वर्षांनी, एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात क्षय म्हणून त्याची नोंद होते आणि मृत्यूच्या दाखल्यावर दमा एवढे दोन अक्षरांचे कारण लिहून प्रकरण निकालात निघते. तोवर कारखान्याची मालकी बदललेली असते, मुकादम निवृत्त झालेला असतो, आणि विधवेला नवऱ्याच्या कामाचे वर्णन करता येत असले तरी त्या कामाने तो मेला हे सिद्ध करता येत नाही. अशा रोगाचा पुरावा कोणी गोळा करावा, कोठे ठेवावा आणि किती वर्षे जपावा, हा प्रश्न जितका वैद्यकाचा तितकाच राज्यकारभाराचा आहे. आणि श्रमिकांच्या सुरक्षिततेसाठी व आरोग्यासाठी शासनाने स्वतः हाती घेतलेले संशोधन हा जो या ग्रंथाचा विषय, त्याचे मूळ याच प्रश्नात आहे.

हे काम सरकारनेच का करावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. डॉक्टरपुढे येतो तो एकटा रोगी. त्याच खात्यातले उरलेले दोनशे इसम कसे श्वास घेतात हे त्याला दिसत नाही. मालकाला पुष्कळदा सारे ठाऊक असते, परंतु ते कागदावर आणणे त्याच्या हिताविरुद्ध असते. कामगार संघटनांची शक्ती पगार, बोनस आणि बडतर्फी यांच्या लढ्यांत खर्ची पडते, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. विद्यापीठांजवळ बुद्धी असते, परंतु कारखान्याच्या फाटकावरचा पहारेकरी बुद्धीला सलाम करीत नाही. कायद्याने दार उघडून घेण्याचा अधिकार आणि एक पिढी उलटेपर्यंत थांबण्याची सोय, या दोन गोष्टी एकत्र सापडतात त्या फक्त सरकारजवळ. म्हणून जेथे सरकारने मोजमाप केले नाही तेथे रोग कागदावर जन्मालाच येत नाही, आणि कागदावर नसलेल्या रोगाची भरपाई जगातले कोणतेही न्यायासन देत नाही. सरकार हे स्वभावतःच परोपकारी असते असे मात्र येथे कोणी समजू नये. त्याचा उलटा दाखला पुढे यायचाच आहे.

मराठी वाचकाला या विषयाचा एक जुना धागा गिरणगावात सापडेल. मुंबई सरकारने १९२१ साली लेबर ऑफिस स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘लेबर गॅझेट’ हे मासिक सुरू केले. संपांनी हैराण झालेल्या सरकारला मजुरीचे व महागाईचे आकडे हवे होते, हा त्यातला व्यावहारिक हेतू उघड आहे. परंतु आकडे गोळा करण्याची एकदा सवय लागली की न मागितलेली सत्येही हाती लागू लागतात. स्त्री-कामगारांच्या बाळंतपणाची पाहणी करण्यासाठी नेमलेल्या डॉ. बार्न्स या स्त्री-वैद्यकांनी गिरण्यांत आणि चाळींत फिरून जो अहवाल दिला, तो १९२२ च्या सप्टेंबरच्या अंकात प्रसिद्ध झाला. आई पाळीवर गेल्यावर मागे राहिलेले मूल रडू नये म्हणून त्याला अफू घालीत, आणि अशा मुलांचे प्रमाण शंभरांत अठ्ठ्याण्णव असल्याचे त्यांनी नोंदविले. अफूची ही बाळगोळी तत्पूर्वी कोणाला ठाऊक नव्हती असे नाही. घरोघरी होती, दुकानांत उघड मिळत होती, आणि समाजसुधारकांच्या भाषणांत तिचा निषेधही होत असे. परंतु निषेधावर कायदा उभा राहत नाही. सरकारी मासिकात छापलेल्या संख्येला उत्तर द्यावे लागते, निदान तिच्याकडे पाठ फिरविणाऱ्याला आपण पाठ फिरवीत आहोत हे चारचौघांत दाखवावे लागते. कामगार-पुढारी ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात आणलेले प्रसूतीसाहाय्याचे विधेयक नामंजूर झाले; पण मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात तसेच विधेयक आले तेव्हा १९२८ च्या जुलैत डॉ. आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केले, आणि १९२९ साली मुंबईचा प्रसूतीसाहाय्य कायदा अस्तित्वात आला. अहवाल आणि कायदा यांच्यामध्ये सात वर्षे गेली. पुढील इतिहास पाहता हा वेग बराच म्हणावा लागेल.

आता धुळीकडे वळू. कारण या क्षेत्रातील संशोधनाची खरी कसोटी धुळीनेच घेतली आहे. मध्य प्रदेशातील मंदसोर हे गाव आपल्याला होळकरांच्या १८१८ च्या तहामुळे ठाऊक असते. परंतु ज्या पाटीवर आपण श्रीगणेशा गिरविला तिच्यावरची दगडी पेन्सिल पुष्कळदा त्याच गावच्या परिसरातून येत असे, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. खाणीतून काढलेला मऊ, पापुद्र्यांचा दगड फोडून त्याचे चपटे तुकडे करायचे, आणि विजेवर गरगरणाऱ्या लहानशा गोल करवतीवर ते हातांनी सरकवीत न्यायचे, असे हे काम. प्रत्येक वेळी एक कांडी सुटते आणि पात्याच्या वेगाबरोबर उडालेला भुकटीचा लोट पुढे वाकलेल्या कारागिराच्या नाकातोंडात जातो. संध्याकाळी त्याच्या भुवया, कान आणि अंगावरचा सदरा पांढुरका झालेला असतो. ती धूळ तो झटकून टाकतो, आणि ती झटकता येते म्हणूनच तिच्यापासून फारसे भय नसते. भय असते ते न दिसणाऱ्या धुळीचे. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. पाच-सात मायक्रॉनांहून बारीक असलेला सिलिकाचा कण नाकातल्या केसांना व घशातल्या कफाला न जुमानता फुप्फुसाच्या शेवटच्या पोकळीपर्यंत पोहोचतो. तेथे त्याला गिळावयास आलेली रक्षक पेशी त्याला पचवू शकत नाही, स्वतःच मरते. तिच्या जागी दुसरी येते, आणि या व्यर्थ झुंजीच्या जागी हळूहळू निबर व्रण तयार होतात. धूळ थांबली तरी व्रण थांबत नाहीत. त्यावर औषध नाही, आणि अशा फुप्फुसात क्षयाचे जंतू सहज घर करतात. त्यामुळे डॉक्टर क्षयाची औषधे देतो, ती काही दिवस लागू पडल्यासारखी वाटतात, आणि मूळ रोगाचे नावच पुसले जाते.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेने मंदसोरात जाऊन ५९३ कामगारांची तपासणी केली. तीत ३२४ जणांना, म्हणजे शंभरांत चौपन्नांहून अधिकांना, सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणारा हा फुप्फुसाचा रोग, आढळला, आणि १९८५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्याच कामगारांची काही काळाने फेरतपासणी केली असता रोग किती झपाट्याने वाढतो तेही दिसले. पेन्सिल कापणारी माणसे ऐन तारुण्यात खंगून जातात, हे मंदसोरजवळच्या मुलतानपुऱ्यात प्रत्येक घराला ठाऊक होते. गावातल्या विधवांची संख्या हाच त्याचा दाखला होता. तरीही हे ज्ञान गावच्या शिवेबाहेर चालत नव्हते. मध्य प्रदेशाने पेन्सिल-कामगारांच्या कल्याणनिधीचा स्वतंत्र कायदा १९८२ साली केला. एका शालोपयोगी वस्तूसाठी, तीही पैशाला मिळणाऱ्या, विधिमंडळाला स्वतंत्र कायदा करावा लागला, ही गोष्ट रोगाची व्याप्ती सांगायला पुरेशी आहे.

अशा तपासणीत प्रत्यक्ष काय करतात याची सामान्य वाचकाला कल्पना नसते, म्हणून थोडे तपशिलात जाणे इष्ट वाटते. छातीचा एक्स-रे काढला की काम संपले असे नाही. खरे काम तो वाचण्याचे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने ठरवून दिलेल्या नमुन्याच्या फिल्मा शेजारी लावून, त्यांच्याशी ताडून, फुप्फुसातल्या ठिपक्यांचा आकार आणि दाटी ठरवावी लागते, आणि एकाच्या नजरेवर विसंबणे धोक्याचे म्हणून एकाहून अधिक वाचकांकडून हे स्वतंत्रपणे करवून घेतात. या पद्धतीतली एक खुबी मला फार आवडते. वाचकाने दाटी पहिल्या प्रतीची ठरविली, पण ठरविताना ती शून्य प्रतीचीच तर नसेल अशी गंभीर शंका त्याच्या मनात आली, तर त्याने नुसता एक न लिहिता एक व त्याखाली शून्य असे लिहायचे. शंका नसेल तर एकाखाली एक. म्हणजे निर्णयाबरोबर निर्णय घेणाऱ्याचा संशयही दप्तरात जमा होतो, आणि दहा वर्षांनी दुसऱ्या कोणी तीच फिल्म हाती घेतली तर तिच्यावर पहिला मनुष्य कोठे अडखळला होता ते त्याला कळते. आमच्या न्यायालयांच्या आणि कचेऱ्यांच्या निकालपत्रांत अशी सोय असती तर पुष्कळ अपिले वाचली असती!

कापसाच्या धुळीची कथा निराळी आहे, आणि तिच्यातले संशोधनाचे हत्यार तर एका साध्या प्रश्नाहून मोठे नाही. गिरणीत ब्लो-रूम व कार्डिंग खात्यांत काम करणाऱ्यांना बिसिनोसिस नावाचा श्वासरोग जडतो. त्याचे वैशिष्ट्य असे, की सुट्टीनंतर कामावर रुजू होण्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते आणि आठवडा सरत जातो तसतसा त्रास कमी होतो. एक्स-रेत यातले काही दिसत नाही. सोमवारी छाती जड होते का, होत असेल तर फक्त सोमवारीच की पुढच्या दिवशीही, या प्रश्नाच्या उत्तरांवरून रोगाच्या पायऱ्या ठरविण्याची पद्धत लँकेशायरच्या गिरण्यांत १९५० च्या दशकात डॉ. शिलिंग यांनी बसविली, आणि पुढे परळच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. कामत व त्यांचे सहकारी यांनी मुंबईच्या गिरण्यांतल्या बिसिनोसिसची पाहणी केली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून १८९० साली गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली; त्या सुट्टीमुळेच सोमवारचा हा त्रास निराळा ओळखू यावा, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. दुर्दैवाने मुंबईच्या पाहण्या होईपर्यंत गिरण्यांचा अस्तकाळ जवळ आला होता. १९८२ च्या संपानंतर ज्यांची फुप्फुसे मोजायची ते कामगार कोकणात आणि घाटावर पांगले, आणि एका मोठ्या उद्योगाचा आरोग्यविषयक इतिहास अर्धवटच राहिला.

सरकार संशोधन करते तेव्हा ते नेहमी श्रमिकांच्या बाजूने असते, हा भ्रम दूर करण्यासाठी अमेरिकेतील युरेनियमच्या खाणींची हकीकत सांगणे आवश्यक आहे. अणुबॉम्बसाठी लागणारे युरेनियम कोलोराडो पठारावरील खाणींतून निघे. ते विकत घेणारे गिऱ्हाईक एकच, अमेरिकेचा अणुशक्ती आयोग. आणि खाणीत उतरणाऱ्यांत नवाहो जमातीचे लोक पुष्कळ होते. खाणीतल्या रेडॉन वायूने फुप्फुसाचा कर्करोग होतो, हे मध्य युरोपातील खाणींच्या अनुभवावरून जाणकारांना ठाऊक होते. तेव्हा १९५० च्या सुमारास सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने या खाणकामगारांची पाहणी आरंभली. परंतु तिला खाणीत शिरण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता. मालकांची मंजुरी लागे, आणि कामगारांना घाबरवायचे नाही, ही त्या मंजुरीची किंमत ठरली. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षे रक्त तपासत राहिले, हवेचे नमुने घेत राहिले, आणि ज्यांचे रक्त तपासले त्यांना आपण कशासाठी तपासले जात आहोत हे सांगण्यात आले नाही. कर्करोगाचे वाढते प्रमाण १९६० च्या दशकाच्या आरंभी आकड्यांतून उघड झाले. खाणीतील किरणोत्साराची मर्यादा घालून देणारा संघराज्याचा हुकूम मजूरमंत्री विलर्ड विर्ट्झ यांनी काढला तो १९६७ साली. आणि पीडितांना भरपाई देणारा कायदा झाला १९९० साली. या पाहणीतील शास्त्र निर्दोष होते, किंबहुना आजच्या किरणोत्सार-मर्यादा ठरविताना तिच्यातील आकड्यांचा आधार घेतात, आणि हेच वाचताना अधिक सलते. दुसऱ्याच्या परवानगीने उघडलेल्या दारातून आत गेलेला संशोधक परवानगी देणाऱ्याचा मिंधा होतो. मग तो सरकारी असो वा खाजगी.

या अनुभवाची सावली कामगारांच्या सुरक्षिततेच्या व आरोग्याच्या १९७० च्या अमेरिकन कायद्यावर पडलेली दिसते. त्या कायद्याने नियम करून दंड ठोठावणारे खाते मजूरमंत्रालयात ठेवले आणि संशोधन करणारी संस्था, जिला आद्याक्षरांवरून नायॉश म्हणतात, ती आरोग्यमंत्रालयाकडे दिली. दंड करणाऱ्याला मालक कागद दाखवीत नाही, आणि संशोधकाला दंडाचा अधिकार दिला तर त्याला कोणी खरे सांगत नाही, हा या विभागणीमागचा व्यवहार. मात्र संशोधकाला दारात अडविण्याची मुभा मालकाला ठेवली नाही. कारखान्यातल्या कोणत्याही तीन कामगारांनी सहीनिशी अर्ज करावा, नावे गुप्त ठेवायला सांगावीत, आणि संस्थेने येऊन तपास करून आपले निष्कर्ष मालकाला व कामगारांना दोघांनाही कळवावेत, अशी तजवीज आहे. तीन सह्या! आमच्याकडे रेशनकार्डावरचे नाव दुरुस्त करायला याहून अधिक लागतात.

तरीही दप्तर बिनचूक असते असे नव्हे. कोळशाच्या खाणकामगारांची एक्स-रे तपासणी नायॉश या संस्थेकडे दीर्घकाळ आहे. पण ती ऐच्छिक असल्याने नोकरी जाण्याच्या धास्तीने पुष्कळजण तिकडे फिरकत नाहीत, आणि खाण सोडून गेलेले तर तिच्या कक्षेतच क्वचित येतात. परिणामी कोळशाच्या धुळीने होणाऱ्या ‘काळे फुप्फुस’ या रोगाचा सर्वांत भयंकर प्रकार जवळजवळ संपल्याचा समज बळावला असताना, पूर्व केंटकीतील एका खाजगी रेडिओलॉजिस्टने आपल्याकडे असे रोगी एकामागून एक येत असल्याचे संस्थेला कळविले. संस्थेने जाऊन पाहिले, तर त्या एका दवाखान्यात वीस महिन्यांत ६० रोगी निघाले. पुढे व्हर्जिनियातील तीन दवाखान्यांत २०१३ ते २०१७ या अवधीत ४१६. कोळशाचे जाड थर संपले, पातळ थरांबरोबर आजूबाजूचा खडक कापावा लागू लागला, आणि कोळशाच्या धुळीत सिलिका मिसळली, हे त्याचे एक मोठे कारण. सरकारी यंत्रणेची नजर चुकली होती, आणि ती चूक दुरुस्त करायलाही सरकारी यंत्रणेचेच अधिकार व माणसे लागली. याच संस्थेतील बहुतेक कर्मचाऱ्यांना २०२५ च्या एप्रिलात काढून टाकण्याच्या नोटिसा गेल्या आणि एक्स-रे तपासणी थांबली. एका खाणकामगाराने दाद मागितल्यावर वेस्ट व्हर्जिनियातील न्यायालयाने मे महिन्यात हुकूम देऊन ती पुन्हा सुरू करविली. पन्नासाहून अधिक वर्षांचे दप्तर एका आठवड्यात कसे उघड्यावर पडू शकते, याचे हे ताजे उदाहरण.

आपल्याकडे संस्थांची वाण नाही. कारखान्यांच्या मुख्य सल्लागाराचे कार्यालय १९४५ साली, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना, निघाले; त्यातूनच शीवची केंद्रीय श्रम संस्था उभी राहिली. अहमदाबादची संस्था १९६६ ची. खाणकामगारांच्या आरोग्याची संस्था कोलारच्या सुवर्णखाणींत १९९० साली स्थापन होऊन पुढे नागपुरास आली व २०१९ साली अहमदाबादच्या संस्थेत विलीन झाली. कायद्यातही दार उघडलेले आहे: १९४८ च्या कारखाने कायद्यात १९७६ साली घातलेल्या कलम ९१-अ ने सुरक्षितता व आरोग्याच्या पाहणीसाठी कारखान्यात प्रवेश करण्याचा अधिकार दिला. उणीव आहे ती अहवाल लोकांपर्यंत नेण्याच्या इच्छेची. भोपाळच्या वायुपीडितांची जी दीर्घ पाहणी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९८५ ते १९९४ या काळात केली, तिचा तांत्रिक अहवाल २००४ साली प्रसिद्ध झाला. दरम्यानच्या दहा वर्षांत भरपाईचे दावे चालू होते, ही गोष्ट वाचकाने ध्यानात घ्यावी.

माझ्या मते या विषयातील सर्वांत महत्त्वाचा भारतीय दस्तऐवज कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही. तो सर्वोच्च न्यायालयाचा २७ जानेवारी १९९५ चा ॲस्बेस्टॉस खटल्यातील निकाल आहे. कामगाराचे आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असे त्यात म्हटले आहे, आणि त्याची वाहवा खूप झाली. परंतु त्याच निकालातील एक रुक्ष आदेश मला अधिक मोलाचा वाटतो: प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा नोकरी संपल्यापासून १५ वर्षे, यांतील जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत, जपून ठेवावी. रोग किती उशिरा येतो हे ओळखून घातलेली ही मुदत आहे.

परंतु हा आदेश ज्या कारखान्यांना लागू झाला त्यांना दारे आणि पाट्या होत्या. खडी फोडणारी यंत्रे, दगडाच्या खाणी, इमारतींची बांधकामे, अकीक घासणारे खंबायतचे घरगुती कारागीर यांच्यापैकी पुष्कळांना कारखाने कायदा कधी लागूच झाला नाही. विजेवर चालणाऱ्या जागी दहांहून कमी माणसे असली की तो संपे, आणि दहांचा आकडा नऊवर ठेवण्याची कला ठेकेदारांना चांगली अवगत होती. राजस्थानाने २०१९ साली या लोकांसाठी निराळी वाट काढली. सिलिकोसिसचा दाखला मिळताच रोग्याला तीन लाख, मृत्यूनंतर कुटुंबाला आणखी दोन लाख, शिवाय निवृत्तिवेतन, असे ते धोरण आहे. दाखल्यासाठी अर्ज कामगाराने स्वतः करावयाचा, वैद्यकीय मंडळाने तपासावयाचे. या योजनेमुळे रोग्यांची जी यादी तयार होत आहे ती देशातल्या कोणत्याही नियोजित पाहणीहून मोठी होण्याचा संभव आहे, आणि तिचा अभ्यास कसा करावा, तिच्यावर कितपत विसंबावे, याची चर्चा अभ्यासकांनी आता हाती घ्यावयास हवी. त्या यादीत रोग्याचे गाव आहे, वय आहे, छातीची फिल्म आहे. ज्याच्या खाणीत त्याने ती धूळ घेतली त्याच्याकडून मात्र या योजनेत थेट दमडीही वसूल होत नाही, पैसा सार्वजनिक निधीतून जातो, आणि तो तसा जाणे योग्य की अयोग्य यावर मजूर-संघटनांमध्येच अद्याप एकमत नाही.